उंदराच्या शेपटीतली धमनी

कुरुळीत मला 'उंदराचा डॉक्टर' म्हणतात. चहाच्या टपरीवर टेकलो की कुणीतरी खडा टाकतंच, "काय बबनराव, आज किती उंदरांचं बीपी बघितलं?" मी कधी वाद घातला नाही. विचारणारे सगळे प्रेस शॉपमध्ये नाहीतर पेंट शॉपमध्ये शिफ्ट करून आलेले, अंगाला तेलाचा वास. त्यांना काय सांगू, की मी गार खोलीत स्टुलावर बसून भाताच्या शिताएवढी रक्ताची नळी तारेत ओवतो, ती आवळते की सैल सुटते ते बघतो, आणि याचाच मला पगार मिळतो? आता दिवाळी अंकवाल्या मंडळींनी कोरे कागदच आणून दिलेत, तर सांगून टाकतो. हसायचं त्यांनी हसावं.

मी चौथी पास. पाचवीच्या वर्गात बसलो, पण फार दिवस नाही. मात्र उंदराच्या शेपटीतली धमनी न फाटता, न ताणता अखंड बाहेर काढणारा माणूस आमच्या कंपनीत मी एकटा होतो. मोठमोठे पदवीवाले माझ्यामागे उभे राहून बघायचे. ही फुशारकी नाही. म्हणजे फुशारकी आहेच, पण खरी आहे.

कंपनी औषधांच्या संशोधनाची, चाकणच्या पट्ट्यातली. नाव घेत नाही, कारण नाव घेतलं की लोक कामाचं सोडून तेच वाचतात. माझं काम एका टेबलापुरतं. त्या टेबलावर काचेची चार भांडी. प्रत्येक भांड्याला दोन भिंती. दोन भिंतींच्या मधून सदतीस डिग्रीचं पाणी फिरत राहायचं. आत क्षारांचं आणि साखरेचं पाणी, खालून गॅसचे बुडबुडे. त्या पाण्यात शरीराबाहेर काढलेली नळी पाच-सहा तास जिवंत राहते. होय, जिवंत! मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. नळीचा छोटासा तुकडा कापायचा, त्याला आम्ही रिंग म्हणतो. रिंगमध्ये केसासारख्या दोन तारा घालायच्या. खालची तार पक्की, वरची दोऱ्यानं ताण मोजणाऱ्या काट्याला बांधलेली. नळी आवळली की दोरा ओढला जातो आणि कॉम्प्युटरवर रेघ वर चढते. सैल पडली की खाली. झालं. एवढाच धंदा. पण ती रेघ वर चढायला लागली की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

एक किस्सा सांगतो, म्हणजे मी एवढा ताठ का झालो ते कळेल. एकदा त्या रेघेवर लाटा दिसायला लागल्या. बारक्या, एकसारख्या. आमच्या साहेब लोकांची नुसती धावपळ. कुणी म्हणे नळी आपोआप नाचते आहे, कुणी म्हणे नवीनच काहीतरी सापडलं, पेपर लिहायला घ्या. मी तीन दिवस गप्प बसून बघितलं. जेवणाच्या सुट्टीत लाटा बंद. गुरुवारी तर दिवसभर बंद. मी म्हटलं, "साहेब, उंदराला गुरुवारची सुट्टी कुणी दिली?" शेजारच्या शेडमध्ये पत्रा ठोकणारा मोठा प्रेस होता. त्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. प्रेस आदळला की जमीन हलायची, टेबल हलायचं, काटा हलायचा. मी पंक्चरवाल्याकडून स्कूटरच्या जुन्या ट्यूब आणल्या, थोडी हवा भरली, टेबलाखाली सारल्या आणि वर कडप्पा ठेवला. लाटा गायब. नवीन शोधही गायब.

तेव्हापासून माझं एक ठरून गेलं. रेघ चुकली तर यंत्र बघा, वीज बघा, शेजार बघा. बबनचा हात बघायची गरज नाही.

मग अनघा मॅडम आल्या. संत तुकाराम नगरातून कंपनीच्या बसनं यायच्या. वय पस्तिशीच्या आत-बाहेर, बारीक चण, बोलायला मऊ, पण एकदा धरलं की सोडायच्या नाहीत. त्यांनी आणलेलं काम मला पहिल्या दिवशी कळलं नाही, दुसऱ्या दिवशी अर्धं कळलं आणि तिसऱ्या दिवशी असं कळलं की मी घरी जाऊन बायकोला ताटावरच समजावलं. तिनं शेवटी विचारलं, "ते सगळं ठीक हाय, पण भाजीत मीठ हाय का?" तुम्हालाही सांगतो. जेवत नसाल अशी आशा आहे.

माणूस घाबरला, रागावला, खुर्चीतून ताडकन उठला की त्याच्या रक्ताच्या नळ्या आवळतात. त्या आपल्या मनानं आवळत नाहीत. नळीभोवती बारीक बारीक मज्जातंतू पसरलेले असतात, त्यांना सिम्पथेटिक म्हणतात. वरून हुकूम आला की हे तंतू आपल्या टोकांतून एक रसायन सोडतात, नॉरअॅड्रिनॅलिन. आम्ही त्याला नुसतं 'नॉर' म्हणायचो. नॉर नळीच्या स्नायूला लागलं की स्नायू आवळतो आणि रक्ताचा दाब चढतो. इथवर मला माहीत होतं. आम्ही वर्षानुवर्षं हेच नॉर बाटलीतून भांड्यात टाकत होतो. तंतूंशी आमचा संबंधच यायचा नाही.

मॅडम म्हणाल्या, "काका, बाटलीतलं नॉर खूप झालं. मला तंतूकडूनच सोडवून घ्यायचंय."

"म्हंजे?"

"नळीच्या दोन बाजूंना प्लॅटिनमच्या तारा लावायच्या आणि विजेचे बारीक झटके द्यायचे. इतके बारीक, की स्नायूला कळणार नाहीत, फक्त तंतूला कळतील. तंतू स्वतः नॉर सोडेल, नळी आवळेल. आणि मग भांड्यात एक हार्मोन टाकायचं, अँजिओटेन्सिन."

हे हार्मोन आपल्याच रक्तात तयार होतं. ते नळीला आवळतं हे जुनंच. पण मॅडमचं म्हणणं होतं, ते तंतूच्या टोकालाही जाऊन चिकटतं. तिथं त्याच्या मापाची जागा असते, तिला रिसेप्टर म्हणतात. मी त्यांना म्हटलं, म्हणजे सतरा नंबरच्या नटाला सतराचाच पाना. त्या खूश झाल्या. "अगदी तसंच! पाना बसला की तंतूचा कॉक थोडा जास्त उघडतो. हुकूम तेवढाच, पण नॉर जास्त सुटतं. आणि तुमची ती बीपीची गोळी आहे ना, सार्टन जातीची, ती त्याच नटावर टोपी घालून बसते. मग पाना बसतच नाही."

माझी गोळी! रोज सकाळी चहाआधी घेतो ती! मी खिशातली पट्टी काढून टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे नव्यानं बघितलं. इतकी वर्षं मी दुसऱ्याच्या नळ्या तपासत होतो, आणि माझ्या स्वतःच्या अंगात हीच झटापट चालू होती. त्या दिवशी मी काम करताना शीळ घालत होतो म्हणे. मला आठवत नाही.

आता अडचण सांगतो. आमच्या धंद्यात वाटेल तेवढे उंदीर वापरता येत नाहीत. एक कमिटी असते, ती विचारते कशाला हवेत, किती हवेत, कमीत भागणार नाही का. मॅडमना चोवीस मंजूर झाले. आमचे मोठे साहेब पहिल्याच मीटिंगमध्ये म्हणाले, "चोवीस उंदरांत तंतूचं उत्तर दाखवा. नाही दाखवता आलं तर हे टेबल काढू. इथं पेशी तपासायचं नवीन यंत्र बसवायचंय, जागा हवीच आहे." टेबल गेलं असतं तर मॅडमचं काम तिथंच संपलं असतं. आणि माझं? मी आधीच मुदतवाढीवर होतो. टेबलाबरोबर मलाही गुंडाळून ठेवलं असतं.

मी मॅडमना म्हटलं, "चोवीस कशाला? चार पुरे."

पहिला उंदीर. उंदरांच्या खोलीतली माणसं वेगळी. उंदीर माझ्याकडे यायचा तो शांत झालेलाच. मी दरवेळी मनात 'माफ कर' म्हणायचो. कुणी शिकवलं नव्हतं. शेपटीच्या खालच्या अंगाला एक पन्हळ असते, तिच्यात ही धमनी झोपलेली असते. ती काढली, गार पाण्यात ठेवली आणि भिंगाखाली साफ करायला बसलो. नळीवर बारीक पांढुरकी साय असते, लसणाच्या पाकळीवरच्या शेवटच्या पातळ सालीसारखी. बारीक चिमट्यानं ती सगळी ओढून काढायची. माझी साफ केलेली नळी काचेसारखी चमकायची. दुसऱ्या कुणाच्या नळीला धागेदोरे लोंबत असायचे, माझ्या नळीला नाही. यालाच तर माझं नाव होतं!

रिंग चढवली. झटके दिले. रेघ सरळ. पुन्हा झटके. सरळ. बाटलीतलं नॉर टाकलं, तर रेघ अशी वर गेली की वाह!

"बघा," मी म्हटलं, "नळी फस्क्लास जिवंत हाय. तुमचं झटक्याचं यंत्र बंद पडलंय."

दुसरा, तिसरा, पाचवा. तेच. झटक्याला रेघ सरळ, नॉरला झकास. मॅडमनी झटका वाढवून बघितला, कमी करून बघितला, पाणी बदललं, हवा बदलली. मग एकदा, सातव्या उंदराला असेल, त्या हळूच म्हणाल्या, "काका, नळी जरा कमी सोलली तर? बाहेरची ती साय थोडी राहू द्या."

मी चिमटा खाली ठेवला. "मॅडम, तुमी शाळेत जायच्या आधीपास्नं मी नळ्या साफ करतोय. घाण ठेवून नळी चढवायची तर दुसरा माणूस बघा."

त्या पुन्हा यंत्राची बटणं फिरवायला लागल्या. आणि मी आणखीच घासून साफ करायला लागलो. आज हे लिहिताना कान गरम होतात, पण झालं ते असंच झालं.

यंत्र दुरुस्तीला शेळके यायचा. काळेवाडीचा गडी, पोट सुटलेलं, स्वभावानं गमत्या. आमच्या कंपनीचं वर्षाचं काम त्याच्याकडे. त्यानं मीटर लावला, वायरी तपासल्या, सगळं ठीक. मी काही ऐकेना. शेवटी त्यानं करंगळी आणि अंगठा सरळ भांड्यातल्या तारांना लावला आणि मॅडमना बटण दाबायला लावलं.

"आई गं! काका, करंट हाय! शप्पथ हाय! झिणझिण्या पार कोपरापर्यंत आल्या!"

"तुझ्या बोटाला काय कळतंय?"

"तुमच्या नळीपेक्षा जास्त कळतंय, राव. तुमची नळीच मेलीय."

"माझ्या हातची नळी मरत न्हाई. यंत्र घेऊन जा तुझं."

मी तेवढ्यावर थांबलो नाही. मोठ्या साहेबांना जाऊन सांगितलं, शेळकेचं काम बरोबर नाही. त्यांनी त्याचं पुढच्या वर्षाचं काम रोखून धरलं. आणि मॅडमच्या मागे लागलो, की वहीत 'यंत्रात दोष' असं लिहा. त्यांचा हात होत नव्हता. पण मी जुना माणूस, रोज तेच तेच टुमणं, शेवटी त्या लिहायच्या. प्रत्येक उंदराला वहीत एक पान. उत्तर नाही. कारण: यंत्रात दोष. अशी पानं वाढत गेली.

अठरा झाले. सहा उरले. मोठे साहेब येऊन टेबलाची लांबी-रुंदी मोजून गेले, नवीन यंत्र मावतंय का बघायला. माझ्या डोळ्यांदेखत टेप लावली. मॅडम दुसरीकडे बघत होत्या, पण मी त्यांचा चेहरा पाहिला. त्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तर त्या माझ्याआधी हजर. म्हणाल्या, "काका, काल तुमच्या कचऱ्याची बशी मी फेकली नाही."

"कसला कचरा?"

"तुम्ही नळीवरून ओढून काढलेली साय. ती आणि साफ नळीचा एक तुकडा एका रसायनात बुडवले, वाळवले, ओव्हनमध्ये गरम केले. त्या रसायनानं तंतूमधलं नॉर उजळून दिसतं. आधी ही काच बघा." आणि त्यांनी मोठ्या दुर्बिणीकडे, म्हणजे मायक्रोस्कोपकडे, बोट दाखवलं. खोली अंधारी केलेली, दुर्बिणीच्या दिव्याचा निळा उजेड.

मी डोळा लावला. काळं. नुसता अंधार.

"ही तुमची साफ केलेली नळी," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी काच सरकवली. "आणि हा कचरा."

काय सांगू तुम्हाला! जाळं! हिरवट निळं, चमचमणारं जाळं! धाग्याला धागा गुंतलेला, आणि प्रत्येक धाग्यावर बारीक बारीक मणी. आमच्या कुरुळीच्या गल्ल्यांमधून केबलच्या आणि विजेच्या वायरी कशा घराघराच्या भिंतींवरून गेलेल्या असतात, अगदी तसं. मी डोळा काढून पुन्हा लावला. पुन्हा काढला. माझं मलाच उलगडलं. सगळे तंतू नळीच्या बाहेरच्या अंगाला असतात, त्या सायीत. मी घराची भिंत चकचकीत करायची म्हणून बाहेरच्या सगळ्या वायरी ओरबाडून काढत होतो आणि आत जाऊन ओरडत होतो, की दिवा का लागत नाही! बाटलीतलं नॉर टाकलं की नळी आवळायची, कारण स्नायू धडधाकट होता. हुकूम आणणाराच मी बशीत टाकून दिला होता. अठरा वेळा.

इतकी वर्षं माझी सफाई बरोबर होती, हे खरं. बाटलीतल्या नॉरच्या कामाला तंतू लागतच नव्हते. पण काम बदललं, आणि माझा हात बदलला नाही.

आता दुसरा कुणी असता तर खाली मान घालून बसला असता. मला मात्र त्या क्षणी लाज वाटायला वेळच नव्हता. मी म्हटलं, "मॅडम, उंदीर मागवा. आत्ता."

एकोणिसावा उंदीर. धमनी काढली. भिंगाखाली बसलो आणि चिमटा उचलला. हात आपोआप त्या सायीकडे जायचा, मी मागे ओढायचो. आयुष्यात इतकं अवघड काम केलं नाही! फक्त सुटी चरबी काढली आणि साय तशीच ठेवली. नळी अंगावर शाल घेतल्यासारखी दिसत होती; जुना मी असतो तर फेकून दिली असती. रिंग चढवली. तासभर पाण्यात बसू दिली. मॅडमनी बटणावर बोट ठेवलं.

"देऊ?"

"द्या."

झटके गेले, आणि रेघ टुणकन वर उडाली! खाली आली. पुन्हा झटके, पुन्हा उडी! मी स्टूल मागे ढकलून उभा राहिलो. मॅडम नुसत्या "काका, काका, काका" म्हणत होत्या.

पण मॅडम पक्क्या. म्हणाल्या, "हा तंतूच बोलतोय कशावरून? स्नायूला झटका लागला असेल तर?" मग त्यांनी दुसऱ्या भांड्यातल्या रिंगवर फुगा माशाचं विष टाकलं, अगदी कणभर. ते विष तंतूचा आवाज बंद करतं, स्नायूला हात लावत नाही. झटके दिले. रेघ सरळ. बाटलीतलं नॉर टाकलं. रेघ वर. म्हणजे मघाशी बोलला तो तंतूच! अठरा वेळा सरळ रेघ बघून माझं डोकं फिरलं होतं, पण ही सरळ रेघ बघून मी टाळी वाजवली.

मग खरी गोष्ट. पहिल्या भांड्यात हार्मोन टाकलं, इतकं कमी की नुसत्या त्यानं नळी हललीसुद्धा नाही. थांबलो. तेच झटके दिले, तेवढेच, एकही जास्त नाही. रेघ उठली आणि उठतच गेली! आधीच्या उडीला मागे टाकून वर! माझ्या तोंडून शिवी निघाली, आनंदाची, मॅडमनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग दोघांनी श्वास रोखून पुढची परीक्षा घेतली. तिसऱ्या भांड्यात हार्मोन टाकायच्या आधी आणि नंतर बाटलीतलं नॉर तेवढंच दिलं. दोन्ही वेळा उंची तीच. म्हणजे हार्मोननं स्नायूला जोर दिला नव्हता. त्यानं तंतूला जास्त बोलतं केलं होतं. पाना नटावर बसला होता, कॉक उघडला होता. आणि शेवटी पहिल्या भांड्यात सार्टन टाकलं, माझ्या खिशातल्या गोळीच्या जातीचं औषध. हार्मोन भांड्यात तसंच, झटके तेच, आणि रेघेची उडी पुन्हा आपल्या मूळ मापावर!

मी चौथी पास माणूस. पण त्या दुपारी माझ्या डोळ्यांसमोर एक गोष्ट खरी आहे हे सिद्ध झालं, आणि ती मला पूर्ण कळली. कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. हे सुख किती जणांना मिळतं सांगा.

विसाव्या उंदराला मॅडमनी मोठ्या साहेबांना बोलावलं. ते उभ्यानंच बघायला लागले, मग खुर्ची ओढली, मग चष्मा काढून पुसला. हार्मोन टाकल्यावर रेघ वर गेली तेव्हा म्हणाले, "परत दाखवा." आम्ही परत दाखवलं. उठताना टेबलावर हात ठेवून म्हणाले, "हे इथंच राहू दे. पेशींच्या यंत्राला दुसरी खोली बघतो." मग दारापाशी थांबून वळले. "पण मॅडम, मग आधीच्या अठरांना काय झालं होतं? शेळकेचं यंत्र?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या म्हणाल्या, "सर, पद्धतीत थोडा बदल केला. सविस्तर लिहून देते." साहेब गेले.

मी म्हटलं, "मॅडम, वही काढा."

"काका, राहू द्या. मी रिपोर्टमध्ये लिहीन, साफ करायची पद्धत सुधारली. तेवढं चालतं."

"पद्धत आपोआप सुधारली व्हय? तुमी सातव्यालाच सांगितलं होतं. तवाच ऐकलं असतं तर अकरा जीव वाचले असते. आणि शेळक्याचं काम माझ्यामुळं अडलंय. वही काढा."

कंपनीच्या वहीचा नियम कडक. खोडरबर नाही, पांढरी शाई नाही, पान फाडणं तर नाहीच. चुकलं असेल तर त्यावर एकच रेघ मारायची, अशी की खालचं वाचता यावं. शेजारी खरं लिहायचं, तारीख घालायची, सही करायची. त्या वहीत मी कधी सहीपलीकडे काही लिहिलं नव्हतं. लिहिणारे लोक वेगळे. मॅडमनी पेन दिलं आणि स्टूल ओढून शेजारी बसल्या.

पहिलं पान. 'यंत्रात दोष' यावर रेघ मारली. शेजारी लिहिलं: 'यंत्र ठीक होते. नळी साफ करताना तंतू निघून गेले. चूक माझी.' सही केली. माझं अक्षर मोठं, ओळ उतरत गेली. दुसरं पान. तिसरं. मॅडम म्हणाल्या, "काका, पहिल्या पानावर लिहून बाकीच्यांवर 'वरीलप्रमाणे' लिहिलं तरी चालेल." मी म्हटलं, "उंदीर वरीलप्रमाणे न्हवते, मॅडम. एक एक होता." आणि अठरा पानं लिहिली. मध्ये दोनदा हात आखडला. कॅन्टीनचा चहा गार झाला तो तसाच राहिला.

मधूनच उठून शेळकेला फोन केला. सगळं सांगितलं, मोठ्या साहेबांनाही सांगतो म्हटलं. तो म्हणाला, "काका, तुमी फोन केला, आपलं भागलं. पण त्या झटक्यानं माझी करंगळी अजून वाकडी हाय, ती तेवढी सरळ करून द्या." हसला. मलाही हसू आलं.

संध्याकाळच्या बसची वेळ झाली तेव्हा अठरावं पान संपलं. प्रत्येक पानावर माझ्या सहीखाली मॅडमनी साक्षीची सही केली. वही मिटली, पर्स खांद्याला लावली आणि म्हणाल्या, "काका, उद्या एकविसावा. किती वाजता?"

"आठ वाजता," मी म्हटलं. "पण दुर्बिणीचा दिवा आधी लावून ठेवा. प्रत्येक नळीचा एक तुकडा पहिला तुमी बघायचा, जाळं दिसलं तरच मी रिंग चढवणार. माझ्या शब्दावर चढवू नका."